आजीचा काढा आणि दोन आकडे

चि. यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. डेंगीच्या विषाणूवर अजून एकही मान्यताप्राप्त औषध नाही आणि आजीच्या काढ्याने खानापूरकडच्या तुमच्या वाडीत कितीकांचा ताप उतरला, म्हणून त्याच काढ्यावर पीएचडी करायची म्हणतोस. कर की. पण डेंगीचा ताप बहुतेकांचा आठवडाभरात आपसूकच उतरतो, हे आधी ध्यानात घे.

प्रयोगशाळेत तुला लवकरच हर्षवायू होणार आहे. व्हेरो पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी) विषाणू, त्यावर अर्क, आणि दोन दिवसांनी विषाणूचा आरएनए मोजलास तर एकदम घसरलेला! त्या प्लेटशेजारी विषाणू न घालता नुसता अर्क घातलेली प्लेट ठेवली होतीस का? आपल्या घाटातलं नरक्याचं झाडच घे. त्यातलं कॅम्प्टोथेसिन पेशीच मारतं, म्हणून तर त्यापासून कर्करोगाची औषधं निघाली. पेशी मेल्यावर विषाणू वाढणार कुठे? निम्म्या पेशी मरायला किती मात्रा लागते आणि निम्मा विषाणू रोखायला किती, हे दोन आकडे काढ. पहिल्याला दुसऱ्याने भाग. उत्तर दहाच्या आत आलं तर मला फोनही करू नकोस.

हळदीच्या नादी तर लागूच नकोस. करक्युमिन स्वतःच चमकतं, दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं आणि चाचणीलाच फसवतं. प्रोटीएजच्या, म्हणजे विषाणूच्या प्रथिनं कापणाऱ्या विकराच्या, चाचणीत काहीही लागू पडलेलं दिसलं, की किंचित ट्रायटन (साबणासारखं द्रव्य) घालून तीच चाचणी पुन्हा लाव. परिणाम गेला तर ती बहुधा रेणूंची नुसती गुठळी होती.

एवढं करूनही माणसात गोष्ट वेगळी निघते. हेपटायटिस सी साठी बनवलेलं बालापिरावीर व्हिएतनाममध्ये डेंगीच्या रुग्णांना दिलं. 2013 मध्ये निकाल छापून आला: ना विषाणू घटला, ना ताप. पुढे कळलं, विषाणूने डिवचलेल्या रक्तपेशींत त्या औषधाचं सक्रिय रूप नीट तयारच होत नाही. तेव्हा व्हेरोवर थांबू नकोस, माणसाच्या रक्तातल्या पेशींवरही बघ. आणि औषध विषाणूच्या आधी घालून खूश होऊ नकोस. आपल्याकडे माणूस आधी मेडिकलमधून तापाची गोळी आणतो, दवाखान्यात येतो तिसऱ्या-चौथ्या दिवशी. तोवर रक्तातला विषाणू उतरणीला लागलेला असतो, आणि खरा धोका तर ताप उतरताना असतो.

डेंगीसाठीच बनवलेल्या मोस्नोडेनवीर या औषधाने उंदीर-माकडांत चांगली आशा दाखवली होती. 2024 मध्ये ते बनवणाऱ्या कंपनीने प्राधान्यक्रम बदलल्याचं सांगून चाचणी थांबवली. म्हणजे मैदान मोकळंच आहे.

इथे बेळगावातच नेहरूनगरात आयसीएमआरची (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) पारंपरिक औषधांवर काम करणारी संस्था आहे, तिथे एकदा जाऊन ये. जाताना ओळख पटवायला काढ्याच्या वनस्पतीची फुलासकट वाळवलेली फांदी ने, कुठे आणि कोणत्या महिन्यात तोडली ते लिहून. आजी पाला पाण्यात उकळते, तुम्ही लोक मिथेनॉलमध्ये भिजवाल. ती दोन वेगळी औषधं झाली, दोन्ही तपास. आणि ती पाला ओला घेते की सुकवलेला, हे आजच फोन करून विचार.

तुझे सर,
टिळकवाडी, बेळगाव