विहिरीचा आकडा झुलतो, कोणता फिल्टर लावू?

प्रश्न : काकाजी, नमस्कार. वरुड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. ओलितासाठीची विजेची लाइन बरेचदा रात्री येते, म्हणून विहिरीत फूटवॉलजवळ (उपसा पाइपाच्या तळाच्या झडपेजवळ) पाण्याच्या दाबावरून पातळी सांगणारा सेन्सर सोडला. त्याची ४० मीटर वायर मोटारीच्या केबलसोबत एकाच पाइपातून खोलीत आणून ईएसपी३२ या छोट्या, प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डाला जोडली. टायमरवर सेकंदाला १० नमुने (रीडिंग) घेतो. लाइन नसताना बॅटरीवर आकडा हलत नाही. मोटार सुरू झाली की १५ सेंटिमीटर वर, १५ खाली असा सावकाश झुलतो. एक झोका कधी दहा सेकंदांचा, कधी अर्ध्या मिनिटाचा. स्टार्टर चालू-बंद होताना तर भलताच आकडा येतो. मागच्या १०० नमुन्यांची सरासरी लावली, तरी झुलणं थांबलं नाही आणि पाणी असूनही मोटार बंद पडते. व्हिडिओत कालमन फिल्टर (आकड्यांतला गोंगाट गाळून खरा आकडा ताडणारी गणिती रीत) सांगतात, तो लावू का? आणि जे आकडे तुम्ही द्याल ते चुलतभावाच्या बोअरलाही चालतील का?

उत्तर : कालमन राहू द्या भाऊ. त्यालाही गोंगाट किती आणि पाणी किती वेगानं हलतं हे तुम्हालाच सांगावं लागतं, आणि ते एकदा कळलं की साधा फिल्टर पुरतो.

तेव्हा आधी पाण्याचा वेग काढू. वरुडकडची विहीर साधारण २० फूट व्यासाची धरतो, म्हणजे ६ मीटर. पाण्याचा पृष्ठभाग झाला सुमारे २८ चौरस मीटर. पाच एचपीची मोटार सेकंदाला ८ लिटर उपसते असं समजा. झऱ्यांचं पाणी हिशेबात न धरताही पातळी मिनिटाला १.७ सेंटिमीटर उतरते. मग अर्ध्या मिनिटात तीस सेंटिमीटर वरखाली होणारं ते पाणी नव्हेच. तुमच्या विहिरीला घाई नाही. फिल्टरनं वीस सेकंद उशीर केला तरी फरक सहा मिलिमीटरही पडत नाही.

औष्णिक वीज केंद्रात बॉयलर ड्रमच्या, म्हणजे वाफेच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीमागे माझी नोकरी गेली. तिथल्या पातळी मोजणाऱ्या ट्रान्समीटरवर डॅम्पिंगचं, म्हणजे आकडा किती सावकाश बदलू द्यायचा याचं सेटिंग असतं, सेकंदांत. नवा पोरगा आला की आकडा शांत दिसावा म्हणून ते वाढवून ठेवायचा, आणि पाण्याचा व्हॉल्व्ह मग होऊन गेलेल्या पातळीकडे पाहून हलायचा. ड्रमला ते परवडत नाही, विहिरीला परवडतं.

आता झुलण्याचं. लाइन नसताना आकडा स्थिर राहतो, हे तुम्ही लिहिलंत ते फार कामाचं आहे. हा विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट आहे, मोटारीच्या केबलमधून शेजारच्या वायरीत शिरलेला. सेकंदाला ५० वेळा हलणारी गोष्ट अर्ध्या मिनिटाचा झोका कशी घेते? यात्रेतला आकाशपाळणा फिरतोय आणि तुम्ही पाच फेऱ्यांनी एकदाच डोळे उघडता, असं धरा. पाळणा बरोबर वेगानं फिरत असेल तर तीच पेटी त्याच जागी दिसेल; किंचित मंद असेल तर पाळणा हळूहळू मागे सरकतोय असं वाटेल. सेकंदाला १० नमुने म्हणजे दर पाच फेऱ्यांनी एक नजर. आपल्या ग्रिडची वारंवारता बरोबर ५० नसते; नियमानं ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायची असते. ती ४९.९० असेल तर तुम्हाला दहा सेकंदांचा झोका दिसतो, ४९.९७ असेल तर ३३ सेकंदांचा. तुमच्या प्रश्नातले दोन्ही आकडे इथं जुळले!

आणि एकदा असा खोटा झोका नमुन्यांत शिरला की तो खऱ्या हळू बदलासारखाच वागतो. तुमची १०० नमुन्यांची सरासरी म्हणजे दहा सेकंदांची; ३३ सेकंदांच्या झोक्यापैकी शेकडा ८५ तरी ती तशीच पुढे पाठवते. बंदोबस्त नमुना घेण्याच्या आधी किंवा घेतानाच करायचा.

पहिलं काम पान्हा-पकडीचं : सेन्सरची वायर त्या पाइपातून बाहेर काढा, हातभर दूर न्या, शील्डची (धातूच्या जाळीचं आवरण असलेली) घ्या आणि शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. ईएसपी३२ च्या पिनशी सेन्सरच्या वायरीत १० किलोओहमचा रोध आणि पिनपासून ग्राउंडला १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. त्याची सीमा १६ हर्ट्झला येते, म्हणजे त्याहून जलद हलणारं दबत जातं. पन्नासचा गुणगुणाट तिथंच तिसऱ्या हिश्श्यावर येईल, वरची खरखर त्याहून कितीतरी जास्त मरेल.

मग प्रोग्राम. दर १०० मिलिसेकंदाला एक नमुना घेण्याऐवजी २ मिलिसेकंदांच्या अंतरानं १० घ्या आणि त्यांची सरासरी हा एक नमुना माना. दहा गुणिले दोन म्हणजे २० मिलिसेकंद, विजेची बरोबर एक फेरी. वरचा अर्धा आणि खालचा अर्धा एकमेकांना खातात. ४९.९० ला सुद्धा हजारात दोन भाग उरतात, बस्स. आठ किंवा बारा नमुने घेतले तर हा हिशेब बिघडतो.

स्टार्टरच्या ठिणगीचे भलते आकडे सरासरीनं जात नाहीत, पसरतात. त्यासाठी शेवटचे पाच नमुने लहान-मोठे क्रमानं लावा आणि मधला उचला. पाचात दोन खोटे आले तरी मधला खरा राहतो. हे सगळ्यात शेवटच्या फिल्टरच्या आधी करायचं, नंतर नाही.

शेवटचा फिल्टर एका ओळीचा : नवा आकडा = जुना आकडा + अल्फा × (आलेला नमुना − जुना आकडा). नमुन्यांतलं अंतर ०.१ सेकंद, विहिरीला २० सेकंद परवडतात, ०.१ भागिले २० म्हणजे अल्फा ०.००५. उरलेली अस्ताव्यस्त खरखर यानं विसाव्या हिश्श्यावर येते. आकडे पूर्णांकात ठेवू नका, फ्लोट (दशांशाचे) घ्या. नाहीतर २०० पेक्षा कमी फरकाला ०.००५ नं गुणून शून्य उरतं आणि फिल्टर जागीच अडकतो. बोर्ड बंद होऊन पुन्हा सुरू झाला तर जुना आकडा शून्यापासून धरू नका, पहिल्या मधल्या नमुन्यापासून धरा. शून्यापासून चढायला त्याला मिनिटभर लागतं आणि तेवढा वेळ विहीर कोरडी दिसते.

मोटार बंद करायची पातळी आणि पुन्हा सोडायची पातळी वेगळी ठेवा. फूटवॉलच्या वर ६० सेंटिमीटरला बंद, दीड मीटर भरल्यावर पुन्हा सुरू व्हायची परवानगी.

बोअरला यातलं बाकी सगळं चालेल, अल्फा मात्र नाही. सहा इंची बोअरचं तोंड ०.०१८ चौरस मीटर. सेकंदाला दीड लिटर उपसलं आणि झरा कमी पडला तर पाणी सेकंदाला ८ सेंटिमीटर खाली जातं. तिथं वीस सेकंदांचा फिल्टर म्हणजे दीड मीटरहून जास्त चूक. एका सेकंदाचा ठेवा, अल्फा ०.१, आणि आकडा थोडा थरथरला तर थरथरू द्या. त्याशिवाय मोटारीचा करंट पाहणारा ड्राय-रन रिले बसवा. बोअरमध्ये पाणी तुटलं की करंट लगेच पडतो, पातळीच्या सेन्सरची वाट पाहावी लागत नाही.