हत्तीचे पंचनामे शोधून काढा

दोडामार्ग तालुक्यातल्या एका बागायतदारांचा प्रश्न: गावालगतच्या डोंगरावर लोहखनिजाची खाण येऊ घातली आहे. बारा दिवसांवर जनसुनावणी आहे. ‘परिसरात अनुसूची १ मधील (म्हणजे वन्यजीव कायद्यानं सर्वाधिक संरक्षण दिलेले) वन्यप्राणी आढळत नाहीत’ असं खाणीच्या पर्यावरण परिणाम अहवालात छापलंय. इथे तर हत्ती दरवर्षी आमचे माड आणि केळी मोडून जातात. ग्रामपंचायतीनं ना-हरकत देऊन टाकली आहे. आता मी एकट्यानं बोलून काय होणार?

ना-हरकत पंचायतीची आहे, तुमची नाही. तिच्यामुळे तुमचा बोलण्याचा हक्क जात नाही. पण बोलण्याआधी घरातली ट्रंक उघडा. हत्तींनी बाग मोडली तेव्हा वनरक्षक आला असेल, पंचनामा झाला असेल, भरपाई खात्यात जमा झाली असेल. तारीख, गट नंबर, किती माड पडले, खाली सह्या आणि शिक्का. हत्ती अनुसूची १ मध्येच येतो. म्हणजे अहवाल म्हणतो हत्ती नाही, आणि सरकारनं त्याच हत्तीपायी तुम्हाला पैसे मोजलेत! याहून चांगला पुरावा मला वकील म्हणून शोधूनही मिळाला नसता. शेजाऱ्यांचेही पंचनामे गोळा करा. ज्यांचे हरवलेत त्यांच्यासाठी वनपरिक्षेत्र कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाका. उत्तराला तीस दिवस लागू शकतात, सुनावणीला ते उपयोगी पडणार नाही. पुढे अपिलात पडेल.

पर्यावरण मंजुरीचे नियम घालणाऱ्या केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवली किंवा खोटी दिली, तर अर्ज फेटाळता येतो आणि दिलेली पर्यावरण मंजुरीही रद्द होऊ शकते. गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या प्रकरणात अशाच त्रुटींवरून सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१९ मध्ये मंजुरी स्थगित केली होती. अर्थात जानेवारी २०२० मध्ये जादा अटी घालून ती स्थगिती उठलीही. तेव्हा एका हरकतीनं खाण थांबेल, या भरवशावर राहू नका.

‘तिलारीपासून एक किलोमीटरच्या आत खाण चालत नाही’ असं गावात कुणी सांगत असेल, तर तो मुद्दा जपून वापरा. सर्वोच्च न्यायालयाची ती बंदी राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांभोवती आहे. तिलारी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे, अभयारण्य नाही.

सुनावणीची जाहीर सूचना किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात यावी लागते, ती तारीख तपासा. अहवालाचा मराठी सारांश मिळाला नसेल तर तेही हरकतीत लिहा. हरकत लेखी द्या, पंचनाम्यांच्या झेरॉक्स जोडा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची पोच घ्या. तोंडी बोलाल ते मालवणीत बोललात तरी चालेल. तिथे मतदान नसतं, त्यामुळे हात वर करायला लावलं तर त्याला कायद्यात काही अर्थ नाही. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवायचं असतं. बहुतेक लोक तोवर जेवायला घरी गेलेले असतात. तुम्ही थांबा. तुमचा मुद्दा वाचला गेला नाही तर तिथेच उठून सांगा, चित्रीकरण चालू असतं.

तरीही मंजुरी मिळालीच, तर पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात तीस दिवसांत अपील करता येतं. सबळ कारण दाखवलं तर आणखी साठ. नव्वदच्या वर एक दिवसही मिळत नाही, म्हणून वर्तमानपत्रातल्या जाहिराती आणि पंचायतीचा फलक बघत राहा. आणि मूळ पंचनामे कुणाच्याही हाती देऊ नका, माझ्यासुद्धा.