मुली शिकल्या, कमवू लागल्या, तरी बायकांमध्ये गरिबी जास्त का?

तुमचा प्रश्न असा आहे की मुली शिकतायत, नोकऱ्या करतायत, कायदेही बदलले, मग गरिबीचा फटका अजून बायकांनाच जास्त का बसतो? मला वाटतं, पगाराच्या आधी दोन गोष्टी बघायला हव्यात: मालकी कोणाची आणि वेळ कोणाचा.

आधी एक सावधगिरी. जगातल्या गरिबांपैकी ७० टक्के बायका आहेत, हा आकडा तुम्हाला जागोजागी वाचायला मिळेल. तो वापरू नका, त्याला भक्कम आधार नाही. गरिबी बहुतेक वेळा घराच्या हिशेबाने मोजतात. घरात आलेला पैसा माणसांत सारखा वाटला जातो असं गृहीत धरतात, आणि गरीब घरांत पुरुषही राहतातच. पण या मोजणीत खरी गोष्टही लपते. खात्यापित्या घरातली बाई स्वतःच्या औषधासाठी हात पसरत असेल, तर ती कुठल्याच यादीत येत नाही. नवरा वारला, सोडून गेला किंवा मारहाण सहन न होऊन ती स्वतःच बाहेर पडली, की मग दिसतं की घर, जमीन, खातं यातलं काहीच तिच्या नावावर नव्हतं. अमर्त्य सेन यांनी कुटुंबाकडे असंच पाहिलं: घरात सहकार्यही असतं आणि ओढाताणही, आणि ज्याला घराबाहेर आधार कमी त्याला घरात तडजोड जास्त करावी लागते. म्हणून अनेकजणी बाहेर पडतच नाहीत. यालाही मी गरिबीच म्हणते.

मालकीचा इतिहास फार जुना नाही. फ्रान्ससारख्या देशात १९६५ पर्यंत लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय स्वतःचं बँक खाते उघडता येत नव्हतं. अमेरिकेत बाई आहे किंवा विवाहित आहे म्हणून कर्ज नाकारायला कायद्याने बंदी आली ती १९७४ मध्ये. म्हणजे आज ज्या आजीबाई आहेत, त्यांच्या तरुणपणीची ही गोष्ट. जिच्याकडे तारण ठेवायला काही नाही तिला भांडवल मिळत नाही, आणि पुढच्या पिढीला द्यायलाही तिच्याकडे काही उरत नाही.

आता वेळ. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार घरकाम आणि मुलाबाळांची, आजाऱ्यांची, म्हाताऱ्यांची देखभाल यात बायका दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटं घालवतात, पुरुष १ तास २३ मिनिटं. या कामाचा पगार नाही, आणि राष्ट्रीय उत्पन्नातही ते बहुतांशी धरलं जात नाही. हे ओझं डोक्यावर असताना बाई जे काम घेते ते अर्धवेळचं, घराजवळचं, बिनकराराचं. मग लोक म्हणतात, तिनेच तसं निवडलं. मला हे म्हणणं पटत नाही. जिथे दुसरं दारच नाही तिथे निवड कसली?

शिक्षणाने फरक पडतोच, पण तो कुठे थांबतो हे क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवलं. त्यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. श्रीमंत देशांत आज कमाईतली तफावत बरीचशी एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांमध्ये दिसते, आणि पहिलं मूल झाल्यावर ती मोठी होते. पदवी तीच, काम तेच, पण तास कमी पडतात, बढती हुकते. समान कामाला समान वेतन हा आंतरराष्ट्रीय करार १९५१ चा आहे, पण ही दरी तेवढ्याने भरत नाही.

म्हातारपणी हे सगळं एकत्र अंगावर येतं. पेन्शन पगारावर आणि नोकरीच्या वर्षांवर ठरते, आणि बायका सहसा पुरुषांपेक्षा जास्त जगतात. म्हणजे पैसा कमी, तो पुरवायची वर्षं जास्त. त्यामुळे सुरुवात कुठून करायची असं मला विचाराल तर परवडणारी पाळणाघरं, मालमत्तेवर बाईचं नाव आणि देखभालीच्या वर्षांची पेन्शनमध्ये नोंद, इथून. जर्मनीत १९९२ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे तीन वर्षं पेन्शनच्या हिशेबात धरतात. रक्कम मोठी होत नाही, पण ती तिच्या स्वतःच्या खात्यात जमा होते.