खरा आकडा सांग

बाळा,

काल रात्री जिन्यात बसून तू मला विचारलंस, मावशी मी नशेडी झालोय का, आणि मी लगेच काही बोलले नाही, घरी आल्यावर त्याचं फार वाईट वाटलं म्हणून लिहितेय. नाही झालास. मांडीत रॉड आहे, दहा आठवडे रोज ट्रामाडॉल, म्हणजे अफूच्या जातीची दुखण्याची गोळी, चालू आहे, इतके दिवस घेतल्यावर अंगाला सवय लागते, ती कुणालाही लागते. पण पोलीस भरतीच्या ग्राउंडला उतरायचंय म्हणून आजपासून एकदम बंद, हे जे तू ठरवलंयस ते मला अजिबात पटलेलं नाही. ऑपरेशननंतर चार-पाच दिवस घेतलेली गोळी सहसा तशीच सुटते. दहा आठवड्यांची नाही सुटत.

आणि त्याहून मोठी गोष्ट, चिठ्ठीवर दोन आहेत आणि तू चार घेतोस. डॉक्टरांना हे माहीत आहे का? नाही ना. मग आधी खरा आकडा सांग.

मी नाही सांगितला. २०१५ ला मिरजेत माझं मणक्याचं ऑपरेशन झालं, गादी सरकलेली. तीन महिन्यांनी विट्याच्या गाडीवर ड्युटी लागली, उभ्यानं तिकिटं फाडायची, प्रत्येक खड्ड्याला कळ डोक्यात जायची. दोनच्या तीन झाल्या, तीनच्या सहा. डॉक्टरांनी विचारलं रोज किती, मी म्हटलं दोन. त्यांनी दोनवरून एकवर आणायला सांगितलं, म्हणजे मी सहावरून एकवर आले, एका दिवसात! त्यांनी चुकीचं काय सांगितलं होतं? काहीच नाही, आकडा मी खोटा दिला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत मला एकामागून एक जांभया, डोळ्यातनं नाकातनं पाणी, मे महिन्यात अंगावर काटा. पाय तर असे वळवळायचे की सीटवर टेकवत नव्हतं. तासगाव यायच्या आत दोनदा पोट बिघडलं. एका आजींनी विचारलं, ताई घरात काय झालंय का गं. वेबिलाचा हिशोब चाळीस रुपयांनी चुकला, त्या आधी माझा एक रुपया कधी चुकला नव्हता. रात्री घरी येऊन मी परत सहा घेतल्या. जे तू करशील म्हणून मी घाबरतेय तेच.

तू म्हणशील मावशी तू तर शिकली-सवरलेली, का लपवलंस. घरात कमावणारी मी एकटी होते, सुट्टी संपली होती, लोक काय म्हणतील ही भीती होती. आजही वाटतं त्या वेळी दुसरं काय केलं असतं. पण खरं बोलता आलं असतं, तेवढं एक नक्की करता आलं असतं.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा सगळी पाकिटं, रिकामी पण, टेबलावर ओतली. डॉक्टर रागावले नाहीत. सहावरून पाच, दोन आठवडे तिथेच, मग पुढची पायरी. दोनवर अडकले तर महिनाभर तिथेच ठेवलं, म्हणाले थांबू पण मागे नको जाऊ. चार महिने लागले. तुझं वेगळं असेल, कधी दर आठवड्याला थोडी कमी करतात, कधी महिन्याला, ते डॉक्टर ठरवतील, तू नाही आणि मीही नाही. पाकिटावर एसआर, म्हणजे हळूहळू सुटणारी, लिहिलं असेल तर ती गोळी तोडायची-चुरायची नाही, सगळं औषध एकदम अंगात सुटतं. झोप लागत नाही म्हणून आईची झोपेची गोळी, किंवा मित्रांबरोबर प्यायला बसणं, हे तर बिलकुल नाही, ट्रामाडॉलबरोबर यातलं काहीही घेतलं तर श्वास मंदावतो. आणि बंद करून काही दिवस गेल्यावर परत जुन्या चार घेतल्यास तर अंगाला त्या झेपतीलच असं नाही. फिट आली, किंवा हलवून उठवलं तरी जाग येत नाही, ओठ निळे पडलेत असं झालं तर १०८ लावायचं, हे घरात आईला सांगून ठेव. लाज वाटली तरी सांग.

ओळखीच्या मेडिकलमधून बिनचिठ्ठीची जी येते ती बंद कर म्हणणारच, पण आज संध्याकाळी एकदम नाही. आधी डॉक्टरांकडे. २०१८ पासून ट्रामाडॉल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आलंय, तुला भरती व्हायचंय ना पोलिसात? मग हा मार्ग तर नकोच. आणि ती गोळी दुखण्यासाठी घेतोस का मन शांत व्हावं म्हणून, हेही खरं सांग, तेही आकड्याइतकंच लागतं त्यांना. मन फारच खाली गेलं तर टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ आहे, रात्रीही चालतो.

सोमवारी तुझी ओपीडी आहे. मी सकाळी नऊला मिरज स्टँडवर थांबते. पाकिटं सगळी आण, रिकामी पण, आणि कालपासून किती घेतल्यास ते एका कागदावर तारखेनं लिहून आण. मी आत येणार नाही, बाहेर बाकावर बसेन.

मावशी