शोकेसचा ड्रॉवर आणि टाकण्याचा हक्क

"मॅडम, एवढासा ड्रॉवर आवरत नाही मला, बाकीचं काय जमणार?" परभणीत समुपदेशन करताना माझ्यासमोर हा प्रश्न शब्द बदलून सारखा येतो. बाई आलेली असते झोप लागत नाही म्हणून, चिडचिड होते म्हणून. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत शोकेसखालचा ड्रॉवर निघतो. त्यातल्याच एकीचा हा अनुभव, ओळखीचे तपशील बदलून.

जिंतूरकडच्या, चाळिशीच्या. घरात सासू, नवरा, दोन मुलं. दर दिवाळीला ड्रॉवर लख्ख आवरायचा, संक्रांतीपर्यंत तो पुन्हा हिसका देऊन उघडावा लागायचा. "मी आळशीच आहे," हा निकाल त्यांनी आधीच देऊन टाकलेला. मी वाद घातला नाही. आळस, शिस्त असल्या शब्दांवर बोलण्यापेक्षा हाताला काम द्यावं, या मताची मी आहे. म्हटलं, "ताई, आवरू नका. जुन्या चादरीवर पालथा करा आणि एकेक वस्तू कोणाची ते वहीत लिहा."

पुढच्या भेटीला वही आली. 71 वस्तू. नवऱ्याचे तीन बंद पडलेले चार्जर, सासूबाईंच्या गोळ्यांची अर्धी पाकिटं, मुलांचं कर्कटक, सोयाबीन बियाण्याची बिलं, कुलूप नसलेल्या सहा किल्ल्या.

"आणि तुमचं काय?"

त्यांनी पानं दोनदा उलटली. "सुईदोरा." मग हळूच, "तो बी समद्यांचाच की."

बराच वेळ दोघीही गप्प होतो. गाठ इथे सुटली. आवरायचं त्यांनी, पण टाकायचा हक्क त्यांना नाही; विचारलं की घरातून एकच उत्तर, "असू दे, लागंल कधी तरी." दर दिवाळीला त्या दुसऱ्यांचे राहून गेलेले निर्णय नीट रचून ठेवत होत्या, इतकंच.

म्हणून एकत्र घरात मी वाटणी माणसाप्रमाणे करायला सांगते. पेनाजवळ पेन, किल्लीजवळ किल्ली ही पद्धत एकट्या माणसाला ठीक. चार जणांच्या घरात कोणतं पेन टाकायचं यावरच गाडी अडते. माणशी एक डबा, मिठाईचा किंवा मोबाईलचा रिकामा. आधी ड्रॉवरची आतली उंची मोजा आणि डबा तिच्याहून दीड-दोन सेंटीमीटर ठेंगणा घ्या. न मोजता बाजारातून ट्रे आणले की ते वरच्या फळीला अडकतात, आणि ड्रॉवर आठ दिवसांत जुन्या वळणावर जातो. डब्यात मावेल तेवढं त्याचं. उरलेलं ज्याचं त्याच्या उशाशी ठेवायचं, निर्णय त्याने करायचा. 'इतर' नावाचा डबा मात्र ठेवू नका. तो म्हणजे जुना ड्रॉवरच, फक्त लहान.

काही वस्तूंना तिथे जागाच नको. बटन सेल, म्हणजे घड्याळातला चपटा गोल सेल, लहान मुलाने गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. ते उंचावर, बंद डब्यात. नऊ व्होल्टचा सेल सुट्या किल्ल्या-पिनांत पडला तर दोन्ही टोकं जुळून तापतो. टोकांना चिकटपट्टी लावा. गोळ्यांची पट्टी कापताना तारखेचा तुकडा शेवटपर्यंत राखा. बियाण्याचं बिल आणि पिशवीवरचा टॅग पीक हाती येईपर्यंत सांभाळा, उगवण झाली नाही तर तक्रारीला तेच लागतात. ते बिल गुळगुळीत थर्मल कागदाचं असेल तर आजच झेरॉक्स काढा. आपल्याकडच्या मे महिन्यात आणि प्लास्टिकच्या पाकिटात त्यावरची अक्षरं उडतात. पावसाळ्यात लाकूड फुगून ड्रॉवर घट्ट होतो, कडांना मेणबत्ती घासली की सरकतो.

सासूबाईंचं काय होईल, ही ताईंची खरी धास्ती होती. मी म्हटलं, त्यांचा डबा आधी द्या, त्यांनाच भरू द्या. म्हातारीने काजूकतलीचा डबा निवडला, जुन्या पट्ट्या स्वतः वेचून काढल्या.

पाचव्या भेटीला ताई हसतच आल्या. नवऱ्याचा डबा भरून झाकण बसेना, तो म्हणाला, दुसरा दे. "म्हनलं, डबा एकच. काय काढायचं ते तुम्ही बघा."

हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं. दोन चार्जर त्याच संध्याकाळी भंगारात गेले.