जॅझ पियानोवादक बड पॉवेलची एकच एलपी (मोठी रेकॉर्ड) घ्यायची तर कुठली घेऊ?

डोळे झाकून ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीची 'द अमेझिंग बड पॉवेल, व्हॉल्यूम 1' घ्या, 12 इंची. त्यात 1951 च्या 'उन पोको लोको' या रचनेचे तीन टेक (म्हणजे तीनदा वाजवून केलेली रेकॉर्डिंग) लागोपाठ आहेत, तिन्ही ऐकाच, ड्रमर मॅक्स रोच काऊबेल (घंटेसारखं वाद्य) बडवतोय आणि बडचा डावा हात मोजकेच स्वर टोचतोय अन् उजवा नुसता सुसाट सुटलाय, कसलं भारी वाजवलंय! आणि हे कोणी वाजवलंय तर ज्याच्या डोक्यात 1945 साली पोलिसांनी दांडका घातला, मग मनोरुग्णालयाच्या वाऱ्या, विजेचे शॉक, त्यात दारू, 1966 ला 41 व्या वर्षी गेला बिचारा. फार वाईट वाटतं. ओरिजिनल प्रेसिंग (पहिल्यांदा छापलेली रेकॉर्ड) खूप महाग पडतं, रीइश्यू (नंतर पुन्हा काढलेली) घेतली तरी मस्त.