बुडाचं कापड ज्या दिवशी निघालं, त्या दिवसापासून मुदत मोजा

प्रश्न थोडक्यात : कोल्हापूरच्या एका वाचकांनी 20 डिसेंबर 2023 रोजी मुंबईतल्या विक्रेत्याकडून जपानी फुलदाण्यांची जोडी 4,80,000 रुपयांना घेतली. बिलावर ‘सत्सुमा (सोनेरी नक्षीची जपानी मातीची भांडी), मेइजी काळ’ अशा अर्थाचं वर्णन आहे. दोन्हींच्या बुडाला हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, चिकटवलेली होती. 9 मार्च 2024 ला त्यांनी एका फुलदाणीच्या बुडाला भोक पाडून तिचा टेबल लॅम्प करून घेतला. 12 ऑगस्ट 2024 च्या मूल्यांकन अहवालात त्याच फुलदाणीच्या बुडावर ‘मेड इन जपान’ असा इंग्रजी शिक्का असल्याचं, सोनेरी नक्षी छापील असल्याचं आणि जोडीची किंमत 35,000 रुपये असल्याचं म्हटलं आहे. विक्रेता व्हॉट्सॲपवर ‘बघतो’ एवढंच म्हणतो. अजून तीन वर्षं झालेली नाहीत, तेव्हा फुलदाण्या परत करून सगळे पैसे मिळतील ना?

उत्तर : तीन वर्षं दिवाणी दाव्याला असतात. ग्राहक आयोगापुढे ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 नुसार दोनच. हा गोंधळ इतक्या पत्रांत दिसतो की ‘अजून वेळ आहे’ हे वाक्य वाचलं की काळजीच वाटते.

वस्तू खोटी की खरी, यावर फार वेळ घालवत नाही. मेइजी काळ 1868 ते 1912. अमेरिकेत जाणाऱ्या मालावर उत्पादक देशाचं नाव 1891 पासून सक्तीचं झालं, तेव्हा जपानी माल ‘निप्पॉन’ या शिक्क्याने जात असे. ते नाव अमेरिकी कस्टम्सने 1921 मध्ये नाकारलं आणि त्यानंतर ‘जपान’ किंवा ‘मेड इन जपान’ रूढ झालं. तुमचं बिल आणि तुमच्या फुलदाणीचं बूड एकमेकांशी जुळत नाही. अंगावर सत्सुमा प्रांताच्या शिमाझू या सरदार घराण्याचं वर्तुळातल्या क्रॉसचं चिन्ह आहे म्हणून तुम्ही निर्धास्त राहिलात. क्योटो आणि ओसाकाच्या कारखान्यांतून निर्यातीसाठी निघालेल्या सत्सुमावरही ते सर्रास असतं. त्यावरून वय ठरत नाही.

तुमचं प्रकरण एका तारखेवर उभं आहे आणि ती तुम्ही धरलेली तारीख नाही. तुम्ही अहवालाची तारीख धरता, म्हणजे दोन वर्षांच्या हिशेबाने 12 ऑगस्ट 2026 पर्यंत मुदत. विक्रेत्याचा वकील आधी खरेदीची तारीख धरेल, म्हणजे मुदत 20 डिसेंबर 2025 लाच संपली. त्यावर तुम्ही म्हणाल की शिक्का बनातीखाली लपवला होता. मग तो तुमच्याच पत्रातलं वाक्य पुढे करेल : लॅम्पसाठी भोक पाडलं, तेव्हा बनात निघालीच असणार. त्या दिवशी शिक्का डोळ्यांसमोर होता. तुम्ही पाहिला नाही हे खरं असेल, पण साधी काळजी घेतली असती तर दिसला असता, आणि मुदत कायद्याच्या कलम 17 मध्ये हाच निकष आहे. म्हणून सुरक्षित तारीख 9 मार्च 2026. हे उत्तर लिहिताना फेब्रुवारी 2026 सुरू आहे. तक्रार त्याआधी दाखल झाली पाहिजे आणि तिच्यासोबत कलम 69(2) खाली विलंब माफीचा अर्ज हवाच, कारण आयोग खरेदीच्या तारखेवर अडून बसू शकतो. माफी मिळेल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

व्हॉट्सॲपवरच्या ‘बघतो’ने मुदत वाढत नाही. वकिलाच्या नोटिशीनेही वाढत नाही. अहवाल हातात असताना तुम्ही दीड वर्ष त्या ‘बघतो’ची वाट पाहिलीत. याचं स्पष्टीकरण विलंब माफीच्या अर्जात तारीखवार द्यावं लागेल. नोटीस स्पीड पोस्टने आजच पाठवा, पण उत्तरासाठी थांबू नका.

आता मागणी. फुलदाण्या परत करण्याचा हट्ट सोडा. मालविक्री कायदा 1930 च्या कलम 42 नुसार, विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असं काही तुम्ही मालाला केलंत की माल स्वीकारल्यासारखं होतं. बुडाला भोक पाडणं याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही. दुसरी फुलदाणी शाबूत असली तरी जोडी एकाच किमतीला घेतलेली आहे, आणि कलम 13(2) अशा वेळी तुम्हाला नुकसानभरपाईवर आणून ठेवतं. म्हणजे वर्णनाप्रमाणे असती तर जी किंमत झाली असती आणि प्रत्यक्षात जी आहे, त्यातला फरक. ढोबळमानाने 4,45,000 रुपये. पण 35,000 ही किंमत भोकासह आहे की भोकाशिवाय, हे अहवालातून कळत नाही. मूल्यांकन करणाऱ्याकडून ‘विक्रीच्या दिवशीच्या अवस्थेत’ अशी किंमत आणि शिक्क्यावरून काळ कसा ठरवला याची कारणं लिहून घ्या, प्रतिज्ञापत्रावर. नुसता लेटरहेडवरचा कागद उलटतपासणीत टिकत नाही.

विक्रेता म्हणेल, मलाही माहीत नव्हतं. पैशांपुरता हा बचाव कामाचा नाही. वर्णनाबरहुकूम माल देणं ही कलम 15 खाली अटच आहे, त्याची नियत कशीही असो. लपवाछपवी सिद्ध करायची ती मुदतीसाठी. आणि तिचा तुमच्याकडे उरलेला एकमेव पुरावा म्हणजे दुसऱ्या फुलदाणीची बनात. ती सोलू नका, धुऊ नका. कडेचा डिंक दिसेल असे फोटो पट्टी ठेवून काढा, आणि आयोगासमोर किंवा आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञापुढे ती काढण्याचा अर्ज करा. लॅम्पचं बिल, कारागिराचं प्रतिज्ञापत्र आणि त्याने काढलेला कापडाचा तुकडा असेल तर तोही जपा. चॅटसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) चं प्रमाणपत्र लागतं. त्यातला दुसरा भाग तज्ज्ञाच्या सहीचा असतो, तो बहुतेक जण विसरतात.

तक्रार कोल्हापूरच्याच जिल्हा आयोगात चालेल, तुम्ही तिथे राहता एवढं पुरे. दिलेली किंमत 5 लाखांच्या आत असल्याने फी नाही. ई-जागृती पोर्टलवर दाखल करा, पण शेवटच्या दिवसावर टाकू नका. कायदा म्हणतो तपासणी लागली तरी पाच महिन्यांत निकाल द्या. प्रत्यक्षात वर्षं जातात आणि त्याचा भार तक्रारदारावरच पडतो, हे संतापजनक आहे.

‘नंतर विकून फायदा काढू’ असं तुम्ही विक्रेत्याला लिहिलं असेल, तर व्यावसायिक हेतूचा, म्हणजे तुम्ही ‘ग्राहक’च नाही असा, आक्षेप येईल. एका जोडीवर तो टिकेलच असं नाही. टिकला तर दिवाणी दावा उरतो आणि त्याची तीन वर्षं खरेदीपासून मोजली तर 20 डिसेंबर 2026 ला संपतात.

फुलदाण्या लंडनच्या लिलावाला पाठवण्याचा जो विचार तुम्ही पत्रात लिहिला आहे, तो सध्या बाजूला ठेवा. वस्तू शंभर वर्षांहून जुनी ठरली तर पुरावस्तू व कलासंपदा कायदा 1972 आडवा येऊ शकतो. जुनी ठरली नाही, तरी तुमच्या तक्रारीचा मुख्य पुरावा देशाबाहेर गेलेला असेल.